बिनखाचेची चौकट

बानाच्या स्वप्नात एक कोकरू यायचं. यायचं आणि कोपऱ्यात उभं राहायचं. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या कोकराला आई हवी असते नाहीतर दूध, एवढं मेंढपाळाच्या पोरीला कळतं. पण हे आपलं गप्प. भुरं, थोडं ओलसर, नुकतंच चार पायांवर उभं राहायला शिकलेलं, दोन्ही कान शाबूत. ते बानाकडं बघत राहायचं आणि बाना त्याच्याकडं. मग सकाळच्या पाळीचा भोंगा व्हायचा आणि दोघांची गाठ तुटायची.

ते कुणाचं कोकरू, हे तिला पक्कं माहीत होतं. ते चांदीचं होतं. आणि ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

चांदी ही बानाची मेंढी. तिच्या बापाच्या, सोनाजीच्या घराण्यात एक रीत होती. पोराचे दुधाचे दात पडले की कळपातलं एक मेंढीचं पिल्लू त्याच्या नावानं तोडून द्यायचं. त्याचा चारापाणी, दुखणंखुपणं, सगळं त्या पोराच्या अंगावर. मेंढी मोठी झाली की तिच्या लोकरीतून तिचं औषध, आणि उरलं तर पोराची पाटी-पेन्सिल. कमी पडलं म्हणून थोरांपुढं हात पसरायचा नाही. आणि मेंढी पहिल्यांदा व्याली की ते कोकरू देऊन टाकायचं. ज्याच्या दारात काही नाही, त्याला. कुणाला द्यायचं ते पोरानं ठरवायचं, मोठ्यांनी तोंड शिवून बसायचं. "पहिलं कोकरू आपलं न्हाई," हे वाक्य त्या घरात पोरं बोबडं बोलायची तेव्हापासून बोलायची.

त्यातही एक बारीक गोष्ट होती. घरच्या सगळ्या मेंढ्यांच्या डाव्या कानाला घराण्याची खाच असे, म्हणजे दहा कळप एकत्र झाले तरी आपली मेंढी ओळखू यावी. दिलेल्या कोकराच्या कानाला मात्र कातर लावायची नाही. खाच पाडून दिलं तर ते दिलंच नाही, नुसतं दुसऱ्याच्या दारात बांधलं, असं बानाचा आजा केरबा म्हणायचा. आणि एकदा दिलं की पुन्हा विचारपूस नाही. जगलं का, विकलं का, काय झालं, काही नाही. सोनाजीनं लहानपणी त्याचं कोकरू गावातल्या एका म्हातारीला दिलं होतं. तिनं तिसऱ्याच दिवशी त्याचं कालवण केलं. सोनाजी रडून रडून लाल झाला, तर केरबा म्हणाला, "गोड लागलं आसंल. गप जेव."

असं घराणं. पण माळ राहिला नाही तर रीत कशावर चरणार? वाळूजच्या ज्या माळावर केरबानं जन्म काढला, त्यावर एकेक करत कारखान्यांची पत्र्याची छपरं उगवली. आधी लांब होती, मग जवळ आली, मग कुंपणाच्या तारा मेंढ्यांच्या लोकरीला अडकायला लागल्या. सोनाजीची जमीन गेली, पैसे आले, बजाजनगरात प्लॉट झाला. सोनाजी एका कारखान्यात माल चढवायला लागला. दिवाळीत त्यानं कळप विकायला काढला.

व्यापारी घाईत होता. ट्रकच्या फळीवरून मेंढ्या चढत होत्या आणि तो ओरडत होता, "चलो चलो, अंधेरा पडरा." चांदी चढताना त्यानं तिच्या पोटाला हात लावला. "ये तो गाभन है मियाँ. पर दो का दाम नक्को बोलना, हाँ?"  सोनाजीचंही मन ठिकाणावर नव्हतं. ट्रक वळणाआड गेला, धूळ खाली बसली, आणि तेव्हा बानाच्या ध्यानात आलं की आपलं पहिलं कोकरू न देताच गेलं. ती रडली नाही. त्या दिवसापासून कोकरू स्वप्नात यायला लागलं.

तिनं हे आजाला सांगितलं. मायला सांगून उपयोग नव्हता. सुगंधाबाईनं कपाळाला अंगारा लावला असता आणि वर आंबट खाऊ नको म्हणाली असती. केरबानं नीट ऐकून घेतलं. घोंगडीत गुडघे घेऊन तो बराच वेळ तारेपलीकडच्या धुराड्याकडं बघत बसला.

"म्हंजे तुझ्यावर कोकरू निघतंय," तो म्हणाला.

"व्हय."

"मग द्यावं लागंल. मेंढ्या न्हाईत, तर तुझा बाप खोल्या बांधतोय त्या हायेत. चार खोल्या म्हंजे चार मेंढ्या धर. पैली खोली तुझी. सांभाळ तिला. हुभी ऱ्हायली की एक साल कुणाला तरी दे, बिनभाड्याची. सोन्या, ऐकतोयस न्हवं?"

सोनाजी ऐकत होता. सिमेंटचा भाव कळलेल्या माणसाला असलं ऐकणं जड जातं, पण बापापुढं आणि रितीपुढं त्याचं काही चालेना.

मग बानानं खोली वाढवली. भिंती उठल्या तशी ती रोज शाळेच्या आधी आणि शाळेनंतर त्यांना पाणी पाजायची. पंधरा दिवस पाणी नाही मारलं तर भिंत कच्ची राहते, असं गवंड्यानं सांगितलं होतं. हापशावरून आणायचं, कळशीतून तांब्यानं मारायचं. भिंत पाणी प्यायची तेव्हा बारीक चुर्र आवाज यायचा. बाना कान लावून ऐकायची आणि तिला वाटायचं, हिला आता बरं वाटतंय. सिमेंटचं एक पोतं फुटलं आणि दवानं घट्ट झालं, तेव्हा बापाच्या आधी तीच ढेकळं चुरून बघायला लागली. एका पोत्यात किती भिंत होते हे तिला आता कळत होतं. चौकटी बसल्या. सोनाजीला मेंढ्यांची सवय जाईना. त्यानं पटाशी घेतली आणि प्रत्येक चौकटीच्या डाव्या अंगाला घराण्याची खाच पाडली. पहिल्या खोलीची चौकट मात्र तशीच ठेवली. द्यायची होती ना ती.

तो हिवाळा निराळा होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं का नाही, यावर मराठवाडा सोळा वर्षं पेटत आणि विझत होता, आणि आता नाव देणार, संक्रांतीच्या सुमाराला देणार, असं सगळे बोलत होते. बोलत होते म्हणजे पुटपुटत होते. मोठी माणसं चहा पिताना आवाज खाली आणायची. शहरातून येणारा सांगायचा की क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या लागल्यात. बानाच्या जन्माआधी खेड्यांतून घरं जळाली होती, ती कुणाची आणि कुणी जाळली, हे विचारलं की सुगंधाबाई म्हणायची, "भाकर खा." त्यामुळं बानाला एवढंच कळलं होतं की नावातही आग असते.

अशा दिवसांत ती आपल्या कोकराला घर शोधत बजाजनगरभर हिंडत होती. ज्याच्या दारात काही नाही असा माणूस शोधायला कुठं लांब जावं लागतं? आपल्याच गल्लीच्या तोंडाशी अप्पारावच्या खोल्यांची रांग होती. अप्पाराव म्हणजे गावातला पुढारी माणूस, वीस खोल्यांचा मालक आणि सगळ्या जगाचा सल्लागार. पक्का उंटावरचा शहाणा. त्याच्या भिंतीवर पाटी होती, 'खोली भाड्याने देणे आहे.' पाटीखाली एक बाई, तिचा नवरा आणि एक सहा वर्षांची पोरगी उभी होती. पोरीच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं उलटं घातलं होतं, टोपीसारखं.

"खोली हाय की," अप्पाराव म्हणाला. "कोन्या गावचं तुमी?"

नवऱ्यानं गाव सांगितलं, परभणीकडचं.

"आडनाव?"

त्यानं आडनाव सांगितलं. अप्पारावनं पातेल्याकडं, मग आभाळाकडं बघितलं. "आत्ताच ध्यानात आलं बगा. खोली भरली. कालच."

पाटी तिथंच होती. बाना वाचू शकत होती, ती बाईही वाचू शकत होती. पण बाईनं पाटीकडं बोटसुद्धा दाखवलं नाही. ती फक्त पोरीचं पातेलं सरळ करून चालायला लागली. बाना त्यांच्या मागं धावली.

"मावशी, आमची खोली हाय. फुकट हाय."

बाईला हसू आलं. तिचं नाव पारूबाई. नवरा रामकिसन, वाळूजच्याच एका कारखान्यात रंगकामाला. त्यांच्या शहरातल्या, गारखेड्याच्या घरमालकानं, हवा निवळेपर्यंत जरा दुसरीकडं बघा, असं लई गोड बोलून सांगितलं होतं. "फुकट काऊन गं बाई?" पारूबाई म्हणाली.

"माझं कोकरू हाय ते."

पारूबाईला काही उमगलं नाही, पण ती खाली वाकली आणि म्हणाली, "तुझ्या बापाला इच्यार आधी."

बाना उड्या मारत घरी आली. तिला वाटलं आज रात्री कोकरू स्वप्नात शेपूट हलवेल. पण सोनाजीची हालत धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी झाली. पोरीनं ठरवलंय, रीत आहे, तोंड उघडता येत नाही. आणि उरलेल्या तीन खोल्या? या दिवसांत 'त्यांना' खोली दिली म्हटल्यावर दुसरा भाडेकरू येईल का? कर्जाचे हप्ते काय भिंती भरणार? केरबा डोळे मिटून बसला होता, तो जागा होता हे सगळ्यांना कळत होतं.

गोष्ट दुपारपर्यंत अप्पारावच्या कानावर गेली आणि चहाच्या वेळेला अप्पाराव हजर. सोनाजीला वाटलं आता शिव्या. पण अप्पाराव गालात हसला.

"आरं सोनाजी, एवढं काय तोंड पाडलंस? फुकट देतोयस न्हवं? मंग दे की! दान हाय ते. गरिबाला दान दिलं तर कोन बोट ठिवंल? मी सोता सांगतो गल्लीत, लेकीचा नवस होता म्हनून. निस्तं भाड्यानं देऊ नगंस. भाडं घेतलं का पायंडा पडतो. दानाचा काय पायंडा पडत न्हाई."

सोनाजीचा जीव भांड्यात पडला. बानाला तर अप्पाराव एकदम देवमाणूस वाटला. तिनं त्याला गुळाचा खडासुद्धा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकिसन आला. एकटाच, धुतलेला सदरा घालून. सोनाजीनं त्याला पहिली खोली दाखवली. ओली भिंत, नवी चौकट. वर्षभर एक पैसा द्यायचा नाही, लेकीच्या हातचं दान आहे, गल्लीत कुणी काही बोलणार नाही, सगळं बोलून झालंय. सोनाजी हे सांगताना खुश होता. त्याला मनापासून वाटत होतं की आपण चांगलं करतोय.

रामकिसननं चौकटीवरून हात फिरवला. शेजारच्या तीन चौकटींकडं बघितलं.

"मामा, हिलाच खूण न्हाई. बाकीच्यांना हाय."

"ही दानाची, म्हनून."

रामकिसननं चौकटीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "राग मानू नका. खोली बेस हाय. पर दान नको. मला पगार मिळतो. ह्या तीन खोल्यांना जे भाडं सांगताल, ते मला सांगा. सांगता येत नसंल तर ऱ्हाऊ द्या." त्यानं बानाकडं बघून हात जोडले, अगदी मोठ्या माणसाला जोडावेत तसे, आणि निघून गेला.

"घ्या!" सोनाजी म्हणाला. "फुकट देतोय तर नको. ह्यांचं हे आसंच."

 मेंढी गेली, कोकरू गेलं, आणि आता खोलीही कुणी घेईना. बाना त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसली. दाराशी ऊन आलं होतं. भिंतींचा ओला वास येत होता. रडता रडता तिचा डोळा लागला.

स्वप्नात माळ होता, पूर्वीचा, तारांशिवायचा. कळप चालला होता, संथ, पाण्यासारखा. सगळ्यांच्या डाव्या कानाला खाच. आणि मधोमध तिचं कोकरू, कान शाबूत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं उभी होती, अप्पाराव होता, गवंडी होता, शाळेचे गुरुजी होते, आणि सगळे त्या एकाच कोकराकडं बोट दाखवत होते. ते बघा, ते बघा, बिनखाचेचं. कोकरू मेंढ्यांच्या पोटाखाली शिरायला बघत होतं, पण त्याचा कान वर राहायचाच. बाना ओरडली, आरं, दाखवू नका! आणि जागी झाली.

ऊन चौकटीवर चढलं होतं. तिनं एक चौकट बघितली, मग बाहेर येऊन चारही बघितल्या. दुसऱ्याच्या कळपात गेलेल्या कोकराला खाच नसली तर ते मोकळं असतं. पण एका रांगेतल्या चार दारांत एकालाच खाच नसली, तर तीच त्याची खाच. जन्मभर कुणीही येईल आणि म्हणेल, ती दानाची खोली, तिथं ते राहतात. अप्पाराव हसला होता तो यासाठी. आणि आपण त्याला गूळ दिला!

तिला इतका राग आला की तिनं कोपऱ्यातली पटाशी उचलली आणि बापापुढं नेऊन टाकली.

"बाबा, खाच पाडा."

"कशाला?"

"तिघींना हाय, हिलाबी पाडा. आन भाडं घ्या. तिघींचं जेवढं, तेवढंच."

"मंग दिलं काय तू? भाडंच घ्यायचं तर कोकरू कुठं गेलं?"

 बानाला फक्त एवढं कळत होतं की बरोबर हेच आहे. ती म्हणाली, "माझं कोकरू हाय. कसं द्यायचं ते मी ठरीवनार. तुमी तोंड शिवायचं."

सोनाजीनं बापाकडं बघितलं. केरबानं डोळे उघडले. त्यानं आपल्या पांढऱ्या मिशांवर बोट ठेवलं, शिवल्यासारखं, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

सोनाजी उठला. पटाशीचे दोन घाव लागले. लाकडाचा पिवळा तुकडा बानाच्या पायाशी पडला. मग बाप-लेक सायकलवर बसून रामकिसनच्या कारखान्याच्या फाटकाशी गेले. पाळी सुटली. शेकडो माणसं बाहेर पडत होती, अंगाला तेलाचा, रंगाचा वास, आणि सोनाजी त्या गर्दीत सायकल धरून उभा होता. रामकिसन दिसला तसं त्यानं घसा खाकरला. माल चढवणारा माणूस, शब्द चढवायला त्याला जड गेलं.

"पाव्हनं, भाडं ठरवू. सगळ्यांचं तेच तुमचं. चौकटीला खूणबी केली. पोरीनं करायला लावली."

रामकिसननं बानाकडं बघितलं. "आगाऊ किती द्यायचं?" त्यानं विचारलं, आणि तिघंही हसली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ते राहायला आले. पातेलं आता पोरीच्या डोक्यावर नव्हतं, चुलीवर होतं. अप्पारावनं सोनाजीशी बोलणं टाकलं. संक्रांतीला त्याच्या घरचं कुणी तिळगूळ द्यायला आलं नाही. खोली बघायला आलेली दोन माणसं गल्लीच्या तोंडाशी त्याच्याशी बोलून परत गेली. सोनाजीनं हप्त्यासाठी रात्रपाळी मागून घेतली. बानानं हे सगळं पाहिलं. कोकरू जगवायला चारा लागतो, तसा या देण्यालाही लागतो, आणि तो आपला बाप कापतोय, हे तिला कळलं. तिनं नव्या दप्तराचा हट्ट आपणहून सोडला, आणि सोडताना तिला वाईटही वाटलं.

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाला नाव मिळालं. बाना तिळगूळ घेऊन पहिल्या खोलीत गेली, तर पारूबाईनं तिच्या हातावर पेढा ठेवला. दोघींनी एकाच वेळी एकमेकींना गोड दिलं. पारूबाईचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याखाली फळीवर पत्र्याचा एक डबा होता. रामकिसननं पगारातल्या नोटा पोरीच्या हातात दिल्या, आणि पोरगी, तिचं नाव गीता, त्या डब्यात टाकायला लागली.

"हे काय हाय?" बानानं विचारलं.

"विसावा हिस्सा," रामकिसन म्हणाला. "पगाराचा. बाबासाहेबांनी सांगितलंय, कमाईतला विसावा भाग समाजाचा. शहरात पोरांचं वसतिगृह हाय, खेड्यातली पोरं शिकत्यात तिथं. तिकडं जातो."

"कोन्या पोराला?"

गीतानं डब्याचं झाकण लावलं आणि बानाकडं, ही एवढी मोठी आणि एवढं माहीत नाही, अशा नजरेनं बघितलं. "काय म्हाईत," ती म्हणाली. "ते आपलं न्हाई."

 हे तर बानाच्याच घरचं वाक्य. ते या घरात कुठून आलं? ती धावत घरी गेली. रामकिसनच्या पहिल्या भाड्याचे पैसे सोनाजीनं अजून मोडले नव्हते, देवळीत ठेवले होते. तिनं ते हातात घेतले आणि बापाकडं बघितलं. सोनाजीला हप्ता दिसत होता, तीन रिकाम्या खोल्या दिसत होत्या, रात्रपाळीचं जागरण दिसत होतं. घोंगडीत केरबानं कूस बदलली. सुगंधाबाईनं तव्यावरची भाकर उलटायची थांबवली.

"खोलीचं पैलं हाय," बाना म्हणाली.

 सोनाजीनं हळूच ओठांवर बोट ठेवलं.

रामकिसननं त्या नोटा ओळखल्या. त्याचा हात पुढं आला, नको म्हणायला. मग मध्येच थांबला. भाडं त्यानं देऊन टाकलं होतं, ते त्याचं नव्हतं. डबाही त्याचा नव्हता. नको म्हणायला त्याच्याजवळ काही उरलंच नव्हतं. त्यानं गीताला खूण केली. गीतानं झाकण उघडलं आणि बानानं पैसे आत सोडले. ते बाकीच्या नोटांत मिसळून गेले, आणि कुठली कुणाची ते पुन्हा कुणालाही सांगता आलं नसतं.

दोन खोल्या होळीच्या सुमाराला लागल्या. चौथी उन्हाळाभर रिकामीच राहिली.

कोकरू स्वप्नात आणखी एकदाच आलं. बरंच मोठं झालेलं, लोकर दाट, पावलं ठाम. कुठल्याशा परक्या कळपाबरोबर माळ ओलांडत होतं. बाना वाटेतच उभी होती. ते तिच्या इतक्या जवळून गेलं की लोकर तिच्या हाताला घासली. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. ओळखलंच नाही. हाक तिच्या ओठांपर्यंत आली होती, आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं.